पाण्यातलं आर्सेनिक १० च्या आत आलं, म्हणजे निर्धास्त व्हायचं का?

मेघना_ज

घरच्या पाण्याची लॅब टेस्ट करून घेणारे लोक आता वाढलेत, चांगलंच आहे, पण रिपोर्ट हातात आला की सगळे एकच बघतात, आकडा मर्यादेच्या आत की बाहेर. आर्सेनिकपुढे ०.००८ लिहिलंय, शेजारी मर्यादा ०.०१, शेरा 'पिण्यायोग्य', संपला विषय. पाणी तपासणीच्या कामात असल्यामुळे मला याबद्दल सतत विचारणा होते आणि दर वेळी फोनवर तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहावं म्हणून हा धागा.

मला जे म्हणायचंय ते आधीच सांगून टाकते. १० हा आकडा 'इथपर्यंत शरीराला काही होत नाही' असं सांगत नाही. काय मोजता येतं, पाण्यातून किती काढता येतं, आणि उरलेला किती धोका समाजाने चालवून घ्यायचा, या सगळ्यातून ठरलेला तो तडजोडीचा आकडा आहे. त्यामुळे ९ वाल्याने निश्चिंत आणि ११ वाल्याने घाबरून जायचं याला काही अर्थ नाही. दोघांचा धोका जवळजवळ सारखाच आहे आणि दोघांनीही तो कमी करायला हवा.

युनिटचा गोंधळ होतो म्हणून सांगते, ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर, १० मायक्रोग्रॅम प्रति लिटर आणि १० पीपीबी, तिन्ही एकच. मी खाली नुसतं १०, ५० असं लिहिलं तर ते मायक्रोग्रॅम प्रति लिटर समजा.

आता हा आकडा कसा कसा खाली आला ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १९५८ मध्ये २०० होती, १९६३ ला ५० झाली, १९९३ ला १० वर आली, आणि १० ला सुद्धा त्यांनी 'तात्पुरती' असंच म्हटलंय कारण त्याखाली मोजणं आणि काढणं दोन्ही बऱ्याच ठिकाणी अवघड. जमत असेल तिथे यापेक्षाही कमी ठेवा असं तीच संघटना सांगते. अमेरिकेत १९४२ पासून ५० चालू होतं, २००१ मध्ये १० चा नियम आला आणि २००६ पासून तो बंधनकारक झाला, पण त्याच नियमात आरोग्याच्या दृष्टीने ध्येय किती लिहिलंय, तर शून्य. न्यू जर्सी आणि न्यू हॅम्पशायर ही राज्यं ५ वर गेली, डेन्मार्कही ५ वर आहे, नेदरलँड्समधल्या पाणी कंपन्यांनी तर १ च्या खाली जायचं ठरवलं. आणि बांगलादेशात अजूनही ५० चालतं. माणसाचं शरीर सगळीकडे तेच, आकडे मात्र १ पासून ५० पर्यंत. म्हणजे आकडा ठरवताना नुसतं शरीर बघितलेलं नाही हे उघड आहे.

ज्यांच्या रिपोर्टमध्ये ३, ५, ८, १५ असे आकडे आलेत त्यांनी इथे जरूर विचारा, मला जेवढं माहितीये तेवढं सांगेन, इथे डॉक्टर आणि भूगर्भवाले पण आहेत तेही बोलतील अशी आशा आहे.


केदार_

छान धागा. एक अगदी प्राथमिक प्रश्न, पाण्याला काही वास, चव, रंग? आणि उकळून प्यायलं तर?


मेघना_ज

केदार, काहीच नाही. ना वास, ना चव, ना रंग, ५०० असलं तरी पाणी स्वच्छ चकचकीत दिसू शकतं. त्यामुळे 'आम्ही इतकी वर्षं पितोय, गोड पाणी आहे' यावरून काहीही कळत नाही, टेस्ट हाच एक मार्ग.

उकळणं जंतूंसाठी उत्तम पण आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे, ते उडून जात नाही. उलट पाण्याची वाफ होऊन पाणी कमी होतं आणि आर्सेनिक तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण किंचित वाढतंच. यूव्हीने पण काही होत नाही. क्लोरीनने निघत नाही, पण त्याचा दुसरा एक उपयोग आहे, फिल्टरचा विषय निघाला की सांगते.


दगडधोंडे

येतं कुठून ते मी लिहितो, कारण 'आमच्याकडे कारखाने नाहीत मग आर्सेनिक कसं' असं लोक हमखास म्हणतात. जगातलं बहुतेक आर्सेनिकवालं भूजल पूर्णपणे नैसर्गिक आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात हिमालयातून आलेल्या तरुण गाळात लोहाच्या ऑक्साइडला आर्सेनिक चिकटून बसलेलं असतं, गाळात सेंद्रिय पदार्थ असतो, जमिनीखाली ऑक्सिजन संपला की जिवाणू तो पदार्थ खाताना लोह विरघळवतात आणि लोहाबरोबर आर्सेनिकही सुटं होऊन पाण्यात येतं. म्हणून अशा पाण्यात बऱ्याचदा लोहही जास्त सापडतं, पण लोह नाही म्हणजे आर्सेनिक नाही असं मात्र समजू नका, कारण दुसऱ्या ठिकाणी ते अगदी वेगळ्या वाटेने येतं, कुठे गंधकयुक्त खनिजातून, कुठे ज्वालामुखीच्या खडकातून, कुठे गरम पाण्याच्या झऱ्यांतून. चिलीत अँडीजमधल्या नद्यांचं पाणीच आर्सेनिकवालं आहे, भूजल नव्हे, नदी.

२०२० मध्ये पॉडगोर्स्की आणि बर्ग या संशोधकांनी सायन्स या नियतकालिकात जगाचा नकाशा मांडला होता, भूजलात १० पेक्षा जास्त आर्सेनिक असू शकेल अशा भागात ९.४ कोटी ते २२ कोटी लोक राहतात असा त्यांचा अंदाज, त्यातले बहुतेक आशियात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेजारच्या बोअरचा रिपोर्ट तुमचा नाही. बांगलादेशात आराइहाजारला संशोधकांनी हजारो नळकूप, म्हणजे हातपंपाच्या कूपनलिका, एकेक करून तपासले, तेव्हा काही पावलांवरच्या दोन नळकूपांत एक स्वच्छ आणि एक शेकड्यात असं सर्रास दिसलं. खोली बदलली की थर बदलतो, थर बदलला की पाणी बदलतं.


सुलभा

बांगलादेशात लाल-हिरवे पंप रंगवले होते ते यासाठीच ना?


दगडधोंडे

हो ताई. पण तिथेही हिरवा म्हणजे ५० च्या आत. मेघनाताई म्हणतात तोच मुद्दा, हिरव्या पंपाचं पाणी ४५ असू शकतं आणि लोक ते बिनघोर पितात.

त्यामागची कहाणी वाईट आहे. तळ्या-नद्यांच्या पाण्याने मुलं अतिसाराने मरत होती म्हणून १९७० च्या दशकापासून युनिसेफ आणि सरकारने नळकूप पसरवले, हेतू चांगलाच होता आणि जंतूंपासून सुटका झालीही, पण आर्सेनिक तपासायचं तेव्हा कुणाच्या ध्यानात नव्हतं. पश्चिम बंगालमध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला खेड्यांतून येणाऱ्या पेशंटांच्या कातडीवरून संशय आला आणि तिथून धागा सापडत गेला, पुढे जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्ती यांनी आयुष्यभर हाच विषय लावून धरला. बांगलादेशात १९९३ मध्ये पहिल्यांदा निदान झालं. २००० साली साथरोगतज्ज्ञ अॅलन स्मिथ यांनी याला एखाद्या लोकसंख्येवर झालेली इतिहासातली सगळ्यात मोठी विषबाधा म्हटलं.


नचिकेत७

माहिती चांगली आहे पण मला वाटतं इथे कारण नसताना भीती पसरतेय. बांगलादेश, बंगाल, तैवान हे सगळे शेकडो मायक्रोग्रॅमवाले. तिथले आकडे घेऊन शून्यापर्यंत सरळ रेघ ओढायची आणि ८ वाल्याला कॅन्सर होईल म्हणायचं हे शास्त्रीय नाही. विष मात्रेवर अवलंबून असतं. अमेरिकेत कमी आर्सेनिकवाल्या भागांत मूत्राशयाच्या कॅन्सरचा संबंध कित्येक अभ्यासांत दिसलेला नाहीये. शरीर आर्सेनिक बाहेर टाकतं, त्याला एक क्षमता आहे, त्या क्षमतेच्या आत काय प्रॉब्लेम?


मेघना_ज

नचिकेत, आक्षेप योग्य आहे आणि याला नीट उत्तर द्यायला हवं.

पहिलं म्हणजे '८ वाल्याला कॅन्सर होईल' असं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. ८ पिणाऱ्या एका माणसाला काय होईल हे कुणीच सांगू शकत नाही, बहुतेकांना काहीच होणार नाही. धोका लोकसंख्येत दिसतो. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००१ मध्ये गणित केलं त्यात आयुष्यभर १० वालं पाणी पिणाऱ्यांत फुप्फुस आणि मूत्राशयाचे जादाचे कॅन्सर मिळून हजारात साधारण ३ च्या घरात आले. हे गणित तैवानच्या आकड्यांवरूनच केलंय, तुम्ही म्हणता ती रेघ त्यात आहे, मान्य. पण इतर रसायनांच्या बाबतीत पर्यावरणवाले १० लाखात १ ते फार तर १० हजारात १ एवढाच धोका चालवून घेतात. रेघ तीन-चार पटीने चुकली असं धरलं तरी आर्सेनिकला आपण किती सवलत दिलीय ते बघा.

दुसरं, संबंध न दिसलेल्या त्या अभ्यासांबद्दल. त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत एका अख्ख्या जिल्ह्याचं सरासरी आर्सेनिक घेतलंय आणि त्या जिल्ह्यातले मृत्यू मोजलेत. कोण कुठलं पाणी किती वर्षं प्यायला, कोण कधी राहायला आला, काही माहीत नाही. इतक्या ढोबळ मोजमापात छोटा धोका बुडून जातो, त्यामुळे दिसला नाही आणि नाहीये यात फरक करावा लागतो.

म्हणून मला ते अभ्यास जास्त पटतात ज्यात माणसागणिक लघवीतलं आर्सेनिक मोजलंय. अमेरिकेतल्या आदिवासी समाजांचा स्ट्राँग हार्ट स्टडी आहे, अॅरिझोना, ओक्लाहोमा आणि दोन्ही डकोटांमधला. १९८९ ते १९९१ मध्ये लघवीचे नमुने घेतले, मग या लोकांचा पुढे अनेक वर्षं मागोवा ठेवला, २०१३ ला निष्कर्ष आले. सगळ्यात जास्त आर्सेनिकवाल्या चौथाईत हृदय-रक्तवाहिन्यांच्या रोगाने मृत्यूचं प्रमाण सगळ्यात कमीवाल्या चौथाईच्या दीडपटीहून जास्त, आणि यांचं पाणी बांगलादेशसारखं नव्हतं, कमी ते मध्यम पातळीचंच होतं. मेन, न्यू हॅम्पशायर, व्हर्माँट या राज्यांत मूत्राशयाचा कॅन्सर जास्त का याचा शोध घेतला तेव्हा १९६० च्या आधीच्या उथळ खाजगी विहिरींचं पाणी सगळ्यात जास्त प्यायलेल्यांत धोका दुपटीच्या आसपास निघाला.

आणि मुलं. मेनमध्ये शाळकरी मुलांची बौद्धिक चाचणी घेतली, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं, घरच्या पाण्यात ५ किंवा जास्त आर्सेनिक असलेल्या मुलांचे गुण ५ पेक्षा कमी असलेल्यांच्या तुलनेत साधारण ५-६ ने कमी आले. पावणेतीनशेच्या आसपास मुलं, म्हणजे अभ्यास छोटा आहे, एकट्या त्याच्यावर नियम बदलू नये हे मीही म्हणेन. पण १० च्या आत सगळं आलबेल आहे असं म्हणायला यानंतर माझी तरी जीभ रेटत नाही.

तुमच्या क्षमतेच्या मुद्द्याबद्दल डॉक्टरांनीच लिहावं.


डॉ_अपर्णा

लिहिते. लिव्हरमध्ये अजैविक आर्सेनिकला मिथाइल गट जोडले जातात, आधी एक मग दुसरा, आणि मग ते लघवीवाटे बाहेर पडतं. पूर्वी आपण याला सरळ 'विष निकामी करणं' म्हणायचो पण आता तसं म्हणता येत नाही, कारण मधल्या पायरीवरचं, म्हणजे एकच मिथाइल जोडलेलं रूप बरंच घातक आहे. ज्यांच्या लघवीत या अर्धवट रूपाचं प्रमाण जास्त त्यांच्यात कातडीचे विकार आणि कॅन्सर जास्त दिसलेत. म्हणजे क्षमता आहे पण ती माणसागणिक वेगळी आहे. जनुकांवर अवलंबून आहे, अर्जेंटिनात अँडीजमधल्या सान अंतोनियो दे लोस कोब्रेस इथल्या लोकांत हजारो वर्षं असं पाणी पिऊन पिऊन हे काम जास्त चांगलं करणारे जनुकीय प्रकार वाढलेत. आणि पोषणावर अवलंबून आहे, फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) कमी असलेल्यांना बांगलादेशात फॉलिक अॅसिड दिलं तर रक्तातलं आर्सेनिक थोडं उतरलं.

नुकसान एकाच वाटेने होत नाही. आर्सेनिकचं एक रूप प्रथिनांतल्या गंधकाला पकडतं आणि एन्झाइम बंद पाडतं, दुसरं रूप फॉस्फेटच्या जागी घुसतं आणि पेशीची ऊर्जा बनवण्याची साखळी बिघडवतं. वर ऑक्सिडेटिव्ह ताण, डीएनए दुरुस्तीत अडथळा, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा. म्हणून एका रोगाचं नाव घेता येत नाही. फुप्फुस, मूत्राशय आणि त्वचेचा कॅन्सर पक्का, आंतरराष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या पहिल्या गटात आहे. त्याशिवाय हृदयविकार, ब्लड प्रेशर, डायबेटिस यांच्याशी संबंध, यातला डायबेटिसचा पुरावा जास्त मात्रेला बळकट आणि कमी मात्रेला कच्चा आहे.


तुषार

डॉक्टर, मग कमी आर्सेनिकवालं पाणी बरीच वर्षं प्यायल्यावर अंगावर काही दिसतं का? तळहाताची कातडी जाड होते असं वाचलं. आमच्या घरात कुणालाच तसं नाही.


डॉ_अपर्णा

तुषार, जास्त मात्रेला, काही वर्षांनी, छाती-पाठीवर गडद आणि फिकट ठिपके, तळहात-तळपायांवर खरखरीत टणक पुळ्या दिसतात. १० किंवा २० ला ते बहुधा दिसणारच नाही. त्यामुळे कातडी स्वच्छ आहे हा काही पुरावा नव्हे. हार्ट अटॅक आला तर कुणी म्हणणार नाही की पाण्यामुळे आला, कारण तो सिगरेटमुळे, साखरेमुळे, वयामुळेही येतो. हे कमी मात्रेचं सगळ्यात अवघड दुखणं आहे, प्रत्येक पेशंटला दुसरं एक पटणारं कारण असतंच.

कुणी टेस्ट करायची म्हणत असेल तर लघवीची करा, रक्ताची नको, रक्तातून ते काही तासांत उतरतं. लघवी मागच्या काही दिवसांचं सांगते, नखं-केस मागच्या काही महिन्यांचं, पण केसांना बाहेरून आंघोळीच्या पाण्यातलं पण चिकटतं. लघवी द्यायच्या आधी चार-पाच दिवस मासे, कोळंबी, समुद्री शेवाळ काही खाऊ नका. समुद्री अन्नात सेंद्रिय आर्सेनिक खूप असतं, ते बहुतांशी निरुपद्रवी आहे पण एकूण आकडा भलताच फुगतो आणि लोक हादरतात. शक्य असेल तर रूपं वेगवेगळी करून मोजणारी टेस्ट मागा.

आणि सिगरेट. आर्सेनिक आणि सिगरेट दोन्ही एकत्र आले की धोका नुसता बेरजेने वाढत नाही, त्याहून जास्त वाढतो, फुप्फुसाच्या कॅन्सरला चिलीत दिसलं आणि हृदयविकाराला बांगलादेशात. फिल्टर बसवून सिगरेट चालू ठेवणारे मी बघितलेत, मनापासून सांगते, दोन्ही करा.


वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितेय. माझी सून गरोदर आहे आणि बोअरचं पाणी १३ आलंय. फार काळजी वाटतेय. बाळाला अंगावरच्या दुधातून जातं का?


डॉ_अपर्णा

काकू, घाबरू नका, १३ ने रात्रीत काही होत नाही, पण वाट बघत पण बसू नका. आर्सेनिक वारेतून बाळापर्यंत पोचतं हे नक्की माहितीये, त्यामुळे सुनेचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी आजच बदला, तपासलेलं दुसरं पाणी आणा. सध्याचं आर्सेनिक काही दिवसांत लघवीवाटे बरंचसं निघून जाईल, साठून राहणारं शिशासारखं ते नाही. फॉलिक अॅसिड तिला डॉक्टरांनी दिलेलंच असेल, ते चुकवू नये.

अंगावरच्या दुधात फार कमी उतरतं, आई आर्सेनिकवालं पाणी पीत असली तरीसुद्धा, तेव्हा स्तनपान बिनधास्त करू द्या, उलट तेच बाळाचं संरक्षण आहे. धोका पावडरचं दूध त्या पाण्यात कालवण्यात आहे, कारण बाळ वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त पाणी पितं आणि त्याचं सगळं खाणं तेच असतं.

लहान वयाबद्दल मी एवढी आग्रही का तर चिलीतलं आंतोफागास्ता. १९५८ मध्ये शहराला नवीन नद्यांचं पाणी आणलं, त्यात आर्सेनिक ८६० च्या आसपास, आणि शुद्धीकरण प्रकल्प १९७० ला आला. जी मुलं या काळात पोटात किंवा अगदी लहान होती ती तिशी-चाळिशीत आली तेव्हा त्यांच्यात फुप्फुसाच्या कॅन्सरने आणि ब्राँकिएक्टेसिसने (श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा आजार) मृत्यू अनेक पटींनी जास्त निघाले. मात्रा खूप मोठी होती, १३ शी तुलना नको, पण कुठल्या वयात जपायचं ते कळतं.


वाचनमात्र

खूप आभार डॉक्टर. पाणी बदलतो आजच. आंघोळीला चालेल का तेच?


डॉ_अपर्णा

चालेल. कातडीतून नगण्य जातं. कपडे, भांडी, आंघोळ सगळ्याला चालेल.


केदार_

आता फिल्टरवर या की. आमच्याकडे कार्बनचा आहे, आणि टीडीएस मीटरवर आकडा छान येतो.


मेघना_ज

केदार, टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा एकूण अंदाज देतं, त्याचा आर्सेनिकशी काहीही संबंध नाही. समजा टीडीएस ३०० आहे, ते मिलिग्रॅममध्ये, म्हणजे ३ लाख मायक्रोग्रॅम, त्यात आर्सेनिकचे १० मायक्रोग्रॅम आले काय नि गेले काय मीटरला कळणारच नाही. टीडीएस ५० वालं पाणी आर्सेनिकने भरलेलं असू शकतं. विकणारे मीटर बुडवून दाखवतात आणि लोकांना वाटतं सगळंच तपासून झालं, याचा मला मनापासून राग येतो.

साधा कार्बन क्लोरीन आणि वास काढायला छान, आर्सेनिकला जवळजवळ निरुपयोगी. आर्सेनिकसाठी घरगुती पातळीवर दोनच गोष्टी नीट चालतात, एक आरओ आणि दुसरं लोहाच्या ऑक्साइडचं किंवा अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाचं शोषक माध्यम. पण इथे एक मेख आहे. पाण्यात आर्सेनिक दोन रासायनिक रूपांत असतं, आर्सेनिक-३ आणि आर्सेनिक-५, मी नुसतं तीन आणि पाच म्हणते. पाचवर विद्युतभार असतो त्यामुळे आरओची पडदी त्याला छान अडवते, तीनवर नेहमीच्या पीएचला भारच नसतो आणि ते बरंच पलीकडे निसटतं. ऑक्सिजन नसलेल्या खोल बोअरच्या पाण्यात नेमकं तीनच जास्त असतं. म्हणून आधी त्याला पाच करून घ्यावं लागतं आणि तिथे क्लोरीन कामाला येतं, क्लोरीन घातला की तीनचं पाच होतं, मग कार्बनने उरलेला क्लोरीन काढायचा कारण तो पडदीला खातो, आणि मग आरओ. विक्रेत्याला हे विचारा, त्याला तीन आणि पाच माहीत नसेल तर दुसरा बघा.

लोहाच्या वाटेवर बांगलादेशी वंशाचे रसायनशास्त्रज्ञ अबुल हुसाम यांनी बनवलेला सोनो फिल्टर प्रसिद्ध आहे, बादल्या, वाळू, लोखंडाचा मिश्र थर, वीज नाही, काही नाही. २००७ मध्ये त्याला ग्रेंजर पुरस्कार मिळाला.

आणि शक्य असेल तर फिल्टरच्या आधी स्रोत बदलण्याचा विचार करा. दुसरा थर, दुसरी विहीर, तपासलेलं सार्वजनिक पाणी, पावसाचं पाणी. फिल्टर कुणीतरी सांभाळावा लागतो, चांगल्या विहिरीला तेवढं सांभाळावं लागत नाही.


सुलभा

स्वयंपाकाचं पाणी पण धरायचं का? भातात शिजवताना किती जाणार?


मेघना_ज

धरायचंच ताई. भात, डाळ, सूप, पाणी सगळं आत जिरतं आणि आर्सेनिक तिथेच राहतं. शिवाय तांदूळ हे पीक मुळात पाणी साचलेल्या जमिनीत वाढतं म्हणून इतर धान्यांपेक्षा जास्त आर्सेनिक ओढतं. पाणी स्वच्छ असेल तर भात भरपूर पाण्यात शिजवून पाणी काढून टाकल्याने तांदळातलं बरंच कमी होतं, पण पाणीच आर्सेनिकवालं असेल तर या पद्धतीचा उपयोग नाही, उलट भर पडेल.


तुषार

अवांतर वाटेल पण आर्सेनिक औषध म्हणून देतात ना? मग थोडं थोडं जाण्यात एवढं काय?


डॉ_अपर्णा

देतात. एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, एपीएलमध्ये, आर्सेनिक ट्रायऑक्साइड खरोखर जीव वाचवतं, पण हॉस्पिटलमध्ये, ईसीजी बघत, ठराविक काळासाठी. आणि 'थोडं थोडं' चा अनुभव माणसाने घेतलाय. फाउलर्स सोल्यूशन नावाचं आर्सेनिकचं द्रावण १८ व्या शतकाच्या शेवटापासून टॉनिक म्हणून, दम्याला, सोरायसिसला सर्रास द्यायचे. ते वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या तळहातांवर गाठी आणि मग त्वचेचा कॅन्सर होतो हे १९ व्या शतकातच डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. पाण्यातलं तर कुणी मोजून देत नाही, रोज, जन्मापासून, सगळ्या घराला.


नचिकेत७

मेघना, तुमचा वरचा प्रतिसाद वाचला. माणसागणिक मोजलेल्या अभ्यासांचा मुद्दा पटला, ५ च्या खाली काय होतं याबद्दल मी अजून साशंकच आहे. पण मग विचारतो, आधीच २०-३० वर्षं पिऊन झालंय त्यांनी आता थांबवून काही फरक पडतो का? की जे व्हायचं ते होऊन गेलं?


मेघना_ज

५ च्या खाली साशंक असणं ठीक आहे, तिथे पुरावा खरंच विरळ आहे, माझा आग्रह तिथेही एवढाच की स्वस्तात आणि सहज कमी होत असेल तर करा.

थांबवून फरक पडतो, आणि हीच या विषयातली सगळ्यात आशेची बाजू आहे. आंतोफागास्ताचेच मृत्यू पुढे वर्षानुवर्षं मोजले तर हार्ट अटॅकचे मृत्यू आर्सेनिक चालू असताना वाढलेले होते आणि पाणी सुधारल्यावर उतरत गेले, फुप्फुस आणि मूत्राशयाचे कॅन्सर मात्र पुढे कित्येक दशकं वाढलेलेच राहिले. म्हणजे हृदय लवकर सावरतं, कॅन्सरचं बीज पडलेलं उशिरा उगवतं.

आराइहाजारला २००० पासून हील्स नावाचा अभ्यास चालू आहे, सुरुवातीला जवळपास १२ हजार प्रौढ होते. २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी दाखवलं की त्या लोकांतल्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे २१ टक्के १० च्या वरच्या आर्सेनिकशी जोडता येतात. हे वाचून मी सुन्न झाले होते. पण त्याच लोकांचा २० वर्षांचा हिशोब २०२५ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आला, विहिरी तपासल्यामुळे बऱ्याच लोकांनी पाणी बदललं होतं, आणि ज्यांच्या लघवीतलं आर्सेनिक जास्तवरून कमीवर उतरलं त्यांच्यात दीर्घ आजारांनी मृत्यूचं प्रमाण जास्तच राहिलेल्यांच्या जवळपास निम्म्यावर आलं, पहिल्यापासून कमी असलेल्यांच्या बरोबरीला. नचिकेत, ३० वर्षं पिऊन झालेल्या माणसाला मी हेच सांगेन, आज बदल.


केदार_

शेवटचा प्रश्न, टेस्टला देताना काय काळजी घ्यायची? बाजारातलं किट चालेल का? आणि फिल्टर बसवल्यावर परत कधी?


मेघना_ज

किटमध्ये पाण्यातल्या आर्सेनिकचा वायू करून तो एका पट्टीला लावतात, पट्टी पिवळी-तपकिरी होते, रंग जुळवायचा. ५० च्या वर आहे की नाही, १०० च्या वर आहे की नाही हे कळायला गावोगाव फिरताना फार उपयोगी, पण ४ की ९ हे डोळ्याने पट्टी बघून ठरवता येत नाही. कमी आकड्यांसाठी लॅबच. बाटली लॅबकडूनच घ्या, बहुतेक वेळा त्यात आधीच थोडं अॅसिड असतं म्हणजे लोहाबरोबर आर्सेनिक तळाला बसत नाही, ती विसळू नका. बोअर थोडा वेळ चालू ठेवून मग भरा.

फिल्टर असेल तर दोन बाटल्या, एक आधीची एक नंतरची. बसवल्यावर लगेच एकदा, मग ठराविक काळाने परत, कारण शोषक माध्यम भरून गेलं की पाणी तसंच चालू राहतं, वेगही तोच, चवही तीच, आणि आर्सेनिक सरळ पलीकडे येत असतं. बोअरचं मूळ पाणीही वेगवेगळ्या ऋतूंत एकदा एकदा बघा.

आणि रिपोर्टमध्ये बीडीएल लिहिलेलं असेल तर त्यावर थांबू नका. बीडीएल म्हणजे त्या लॅबच्या यंत्राला दिसण्याच्या खाली, पण यंत्राला किती दिसतं ते विचारा. काही ठिकाणी दिसण्याची मर्यादाच १० असते, मग बीडीएल म्हणजे ० ते १० मधलं काहीही. आयसीपी-एमएस किंवा हायड्राइडवालं एएएस (ही अगदी कमी प्रमाण मोजणारी यंत्रं) वापरून १ पर्यंत मोजून देता का असं पाणी नेऊन द्यायच्या आधी फोनवर विचारा, नाही म्हणाले तर दुसरी लॅब.